सूत्राआधी हजार नमुने

रावेर-यावलकडची मुलं समोर बसली आहेत, म्हणून केळीच्या बागेपासूनच सुरू करतो. समजा, बागेत दहा हजार घड आहेत. सगळे तोलणं शक्य नाही. आपण कुठलेही २५ घड तोलले आणि सरासरी २० किलो आली. त्यांच्याऐवजी दुसरे २५ हाताला लागले असते, तर ती किती आली असती? अख्खं अनुमानशास्त्र, म्हणजे थोड्या नमुन्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधण्याचं शास्त्र, या एका प्रश्नावर उभं आहे.

सरासरी साधारण किती हलेल, याचं उत्तर पुस्तकात एका ओळीत मिळतं: प्रमाण विचलनाला (वजनं सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत, त्याचं माप) नमुन्याच्या आकाराच्या, म्हणजे इथे २५च्या, वर्गमुळानं भागा. मुलं ते पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात. पण वर्गमूळच का, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. यात मुलांचा दोष मी मानत नाही. नमुना बदलला की सरासरी हलते, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

ते दाखवायला 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उत्तम. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते लिहायला घेतलं; १.० आवृत्ती २००० साली आली. ते मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आपल्या भागातल्या कॉलेजांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

त्यात दहा हजार घडांची काल्पनिक बाग तयार करा: सरासरी २० किलो, प्रमाण विचलन ४. तिच्यातून २५ घड उचला, सरासरी लिहून ठेवा, घड परत ठेवा. हेच हजार वेळा करायला सांगा; क्षणभरात होतं. मग त्या हजार सरासऱ्यांचा आयतालेख (कुठल्या वजनाला किती सरासऱ्या आल्या, हे उभ्या पट्ट्यांनी दाखवणारा आलेख) काढा. बहुतेक सगळ्या १८.४ ते २१.६ किलोंच्या मध्ये दिसतील. आता २५ऐवजी १०० घड घ्या. पसारा निम्मा होतो, १९.२ ते २०.८. मेहनत चौपट आणि फायदा दुप्पट: वर्गमूळ हे असं डोळ्यांना दिसतं. त्यानंतर सूत्र फळ्यावर लिहा. मुलं ते स्वतःहून पडताळून पाहतात, आणि शिक्षक म्हणून मला याहून मोठा आनंद नाही.

बटण दाबून उत्तर काढणं मी पहिल्या सत्रात शिकवतच नाही. पी-मूल्य, टी-चाचणी अशी निष्कर्ष तपासायची तयार साधनं, सगळं नंतर.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर सांभाळून घेणार नाही. तोलायला सोपे म्हणून रस्त्यालगतच्या ओळीतलेच घड घेतले आणि ती ओळ मुळातच कमजोर असली, तर? आज प्रयोगशाळेत हेच करून बघा. बागेतल्या एका भागाचं वजन २ किलोंनी कमी ठेवा आणि नमुने फक्त तिथूनच उचला. १००चा घ्या, ४००चा घ्या. आलेख अरुंद होत जाईल, पण २०वर येणार नाही. १८भोवतीच घट्ट बसेल.