शहरातली एक रेघ

[दृश्य: पहाटेचा रिकामा चौक. कॅमेरा रस्त्याच्या पातळीवर, जमिनीलगत.]

हा रस्ता नीट बघा. दोन्ही बाजूंनी तो उतरत येतो, या चौकात सगळ्यात खाली पोचतो आणि पुन्हा चढायला लागतो. पावसाळ्यात पाणी तुंबतं ते नेमकं इथेच. इथून एकेकाळी ओढा वाहत होता. तो आजही वाहतो, फक्त रस्त्याखालच्या नळातून.

सुट्टीच्या दोन दिवसांत शहर बघायला निघालेल्या कुटुंबाकडे बहुधा एक यादी असते: न पाहिलेली दहा ठिकाणं. ती शहराच्या दहा कोपऱ्यांत विखुरलेली असतात. दिवस गाडीत जातो, मुलं कंटाळतात आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरताच वेळ उरतो. यादीऐवजी एक रेघ निवडा. बुजवलेला ओढा, पाडलेला तट, जुना पाण्याचा नळ, बंद पडलेली ट्राम, मैलाच्या दगडांची रांग, यांतलं काहीही. तीन किलोमीटर, पायी. दडलेल्या जागा वाटेत भेटत जातात, आणि ती प्रत्येक जागा तिथेच का, याचा उलगडा रेघेवर चालतानाच होतो.

[दृश्य: टेबलावर जुना नकाशा. शेजारी पडद्यावर त्याच भागाचं उपग्रहचित्र.]

रेघ शोधायचं काम घरचं, निघण्याआधीच्या दोन-तीन संध्याकाळचं. जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी-शेजारी ठेवा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे थेट आजच्या चित्रावर ठेवलेले आहेत. सरकपट्टी ओढली की जुना नकाशा विरळ होत खालचं शहर दिसायला लागतं. त्यांतले बहुतेक ब्रिटनचे आहेत. इतर शहरांसाठी तिथल्या पुराभिलेखागाराचा किंवा ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह धुंडाळा.

जुना नकाशा मिळाला नाही तरी अडत नाही. सगळे रस्ते काटकोनात आणि मधेच एकच गल्ली नागमोडी जात असेल, तर तिच्याखाली बहुधा ओढा आहे. उंचीच्या समोच्च रेषा दाखवणारा नकाशा उघडा: त्या रेषा चढाच्या दिशेला टोक काढून वळतात तिथे दरी असते.

आणि नावं वाचा, कारण वस्तू जाते तरी नाव टिकतं. मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६०च्या दशकात पाडला, पण त्या भागाला आजही सगळे फोर्ट म्हणतात. सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या दरवाजाचं नाव चर्चगेट. दरवाजा गेला, नाव रेल्वे स्टेशनला राहिलं. लंडनमधल्या होबर्न या नावाचा अर्थच खोलगट जागेतला ओढा. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ योझेफनं १८५७ साली तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या मोकळ्या पट्ट्यात रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता झाला; म्हणूनच तो जुन्या शहराभोवती गोल फिरतो.

इथे एक चूक हमखास होते. जुना नकाशा आजच्या चित्रावर अगदी बरोबर बसत नाही. मोजणी जुनी, कागद आकसलेला, त्यामुळे रेघ काही ठिकाणी पंचवीस-तीस मीटर सरकलेली असू शकते. नकाशावर विहीर इमारतीच्या आत दिसली म्हणून ती गेली असं धरून चालू नका. शेजारच्या गल्लीतही डोकावा.

[दृश्य: जोडलेले तीन कागद, लाल पेन्सिलीनं ओढलेली रेघ.]

रेघ ठरली की नकाशा कागदावर छापा. प्रमाण एकास पाच हजार ठेवलं तर एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास मीटर. तीन किलोमीटरसाठी साठ सेंटिमीटर लागतात, म्हणजे समास आणि जोड धरून ए-फोर आकाराचे तीन कागद. फोन खिशात राहू द्या. फोनवरचा निळा ठिपका आपली जागा आयती सांगतो, त्यामुळे मुलं आजूबाजूला बघतच नाहीत. कागदावर मात्र आपण कुठे आहोत हे वळणं आणि कोपरे बघून ओळखावं लागतं, आणि सगळा शोध त्यातच आहे.

तीनच किलोमीटर का? मोठा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर सहज चालतो. पण सात वर्षांचं मूल सोबत असेल आणि दर पन्नास पावलांवर काहीतरी बघायचं असेल, तर तासाला दीड ते दोन किलोमीटरच होतात. म्हणजे दोन तास. खाणं आणि विसावा धरला तर तीन. सकाळ त्यातच संपते आणि ते पुरेसं आहे. स्वच्छतागृहं कुठे आहेत हे आधी नकाशावर मांडा, मग बाकीचे थांबे ठरवा. हा क्रम उलटा झाला की अर्धी सहल धावपळीत जाते.

उताराच्या दिशेनं चाला. ओढ्याची रेघ वरून खाली धरली की पाणी कुठे वळलं असेल हे पायांनाच कळतं, आणि दमलेल्या मुलांना शेवटी चढ लागत नाही. जिथे रेघ संपते तिथून बस किंवा मेट्रो मिळायला हवी. त्याच वाटेनं परत चालायचं नाही.

[दृश्य: भिंतीचा खालचा भाग, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून.]

आता बघायचं काय? आधी खाली. एक मीटर उंचीवरून मुलांना जे दिसतं ते आपल्या नजरेतून सुटतं. इमारतीच्या कोपऱ्याला तिरका टेकवलेला दगड किंवा लोखंडी खुंट: गाडी वळताना चाकाचा तुंबा भिंत खरवडू नये म्हणून तो लावलेला असतो. अर्ध्या बुजलेल्या खिडक्या, रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून जावं लागेल असा दरवाजा, जोतं गिळून टाकणारा फुटपाथ. ही सगळी रस्ता वर आल्याची खूण. प्रत्येक दुरुस्तीत डांबराचा थर चढतो. घर मात्र होतं तिथेच राहतं.

मॅनहोलच्या झाकणांवरची अक्षरं वाचा. कंपनी किंवा नगरपालिका बदलते, ओतीव लोखंडी झाकण टिकतं. ब्रिटनमध्ये जुन्या भिंतींवर एक आडवी रेघ आणि तिला खालून टेकलेला बाण कोरलेला दिसतो. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठी सर्वेक्षकांनी केलेली ती खूण. एकदा ओळखता आली की मुलं पुढच्या खुणा तुमच्या आधी शोधतात.

लंडनच्याच काही जुन्या वसाहतींचे कठडे निरखून बघा. लोखंडी नळ्यांच्या चौकटीत जाळी, आणि दोन्ही टोकांना नळीला बाक. दुसऱ्या महायुद्धात जखमींना उचलायला केलेली ही स्ट्रेचर. युद्ध संपल्यावर उभी करून कुंपणाला लावली. तो बाक म्हणजे स्ट्रेचर जमिनीपासून उंच राहावं म्हणून केलेले पाय. त्यांच्यापुढून माणसं वर्षानुवर्षं जातात, हात टेकवतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

[दृश्य: झिजलेला कोरीव लेख. बाजूनं टॉर्चचा उजेड पडतो आणि अक्षरं उठून दिसतात.]

झिजलेला लेख वाचायचा असेल तर उजेड समोरून टाकू नका. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा; खोलगट अक्षरांत सावली भरते आणि लेख उठून येतो. भर उन्हात आधी छत्रीची सावली करा, मग टॉर्च लावा. अक्षरांत खडू, गेरू किंवा पीठ कधीही भरू नका. घासताना झिजलेला काठ आणखी झिजतो, पीठ ओल धरतं आणि बुरशी येते. शेकडो वर्षं टिकलेला लेख आपल्या एका फोटोसाठी बिघडावा, हे कोणालाही नको असतं.

[दृश्य: रस्त्याकडेचा मैलाचा दगड, फुटपाथमध्ये खांद्यापर्यंत गाडलेला.]

मैलाचे दगड ही मुलांसाठी उत्तम रेघ, कारण पुढचा दगड कुठे असेल याचा हिशेब करता येतो. मुंबईत १९व्या शतकात मैल मोजायला सुरुवात फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून व्हायची. १७१८ साली खुलं झालेलं हे चर्च आजही उभं आहे. दगडांवर तिथपासूनचे मैल रोमन आकड्यांत कोरले होते. रस्ते उंच होत गेले तसे यांतले कित्येक दगड फुटपाथमध्ये गडप झाले. एक मैल म्हणजे १,६०९ मीटर. मुलांना आधी शंभर मीटर चालायला लावून पावलं मोजून घ्या. शंभर मीटरला १६० पावलं होत असतील, तर मैलाला सुमारे २,५७५ होतील. हिशेब चुकतो तो एकाच कारणानं: रस्ता नंतर सरळ केलेला असतो आणि दगड जुन्या वळणावर राहिलेला असतो.

पॅरिसमध्ये १९९४ साली यान डिबेट्स या डच कलावंतानं शहरातून जाणाऱ्या रेखावृत्तावर काशाच्या १३५ चकत्या जमिनीत बसवल्या. प्रत्येक बारा सेंटिमीटर व्यासाची, वर अरागो या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं नाव, उत्तर आणि दक्षिण दाखवणारी अक्षरं. बऱ्याच चोरीला गेल्या आहेत, त्यामुळे नुसता गोल खड्डा सापडला तरी तो सापडलाच म्हणायचा. बर्लिनमध्ये भिंत कुठून जात होती ते रस्त्यातल्या दगडांच्या दुहेरी रांगेवरून कळतं. एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवून मूल उभं राहिलं की इतिहास समजावण्याचं अर्धं काम होतं.

पाण्याच्या रेघेला कान लागतो. लंडनची फ्लीट नदी पूर्ण झाकली गेली आहे. तिच्या दरीवरून जाणारा होबर्न व्हायाडक्ट हा पूल १८६९चा. वरून बघताना खाली नदी नाही, रस्ता दिसतो. क्लार्कनवेलमधल्या रे स्ट्रीटवर एका जाळीजवळ वाहत्या पाण्याचा आवाज येतो. जाळी रस्त्यातच आहे, म्हणून सकाळी लवकर, वाहनं नसताना जावं आणि एका मोठ्या माणसानं रस्त्याकडे लक्ष ठेवावं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं शहरातल्या हौदांत पाणी आणलं. नळात हवा कोंडू नये म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. रेघ माहीत नसेल तर उच्छ्वास म्हणजे नुसता जुना चौथरा वाटतो.

झाकलेल्या नाल्यात कधीही उतरू नका, कोरडा दिसला तरी. वर कुठेतरी पाऊस पडला की पाणी मिनिटांत चढतं. आत हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. म्हणजे वास गेला हीच धोक्याची खूण. बारवेच्या पायऱ्यांना कठडा नसतो, तिथे लहान मुलाचा हात सोडायचा नाही.

[दृश्य: जुना लाकडी दरवाजा, अर्धवट उघडा.]

उरतो तो वेळेचा प्रश्न, आणि सर्वांत जास्त हिरमोड तिथेच होतो. कचेऱ्यांच्या भागात सुट्टीच्या दिवशी रस्ते मोकळे मिळतात, पण आतली दालनं बंद असतात. लियाँमधले त्राबूल, म्हणजे एका रस्त्यावरून घरांच्या पोटातून दुसऱ्या रस्त्यावर निघणारे बोळ, सकाळी पाहावेत. तिथे लोक राहतात, म्हणून हळू बोलायचं आणि जिना चढायचा नाही. लिस्बनमधल्या रुआ द प्राताखालच्या रोमन कमानी एरवी पाण्यात असतात. त्या वर्षातले मोजके दिवस उघडतात आणि जागा आधी नोंदवावी लागते. युरोपभर सप्टेंबरात वारसा दिवस असतात, तेव्हा एरवी बंद असलेली दारं खुली होतात. भारतात १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो.

रेघ पहिल्या दिवशी चाला. दुसरा दिवस मोकळा ठेवा आणि बंद मिळालेल्या एखाद्याच दारापाशी परत जा. राहिलेला वेळ रेघेच्या शेवटच्या टोकाला द्या.

[दृश्य: नदीकाठची भिंत, त्यात दगडी कमान, कमानीला लोखंडी झाकण.]

ओढा नदीला मिळतो ते हे टोक. झाकण वरून बिजागरीवर टांगलेलं असतं: ओढ्याचं पाणी आतून ढकलतं तेव्हा बाहेर उघडतं, नदी चढली की तिच्याच दाबानं मिटतं. भरती-ओहोटीची नदी असेल तर ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. काठावर उतरायचं नाही, समोरच्या तीरावरून किंवा पुलावरून बघायचं. दुर्बीण असेल तर मुलांच्या हातात द्या. झाकणाच्या फटीतून पाण्याची बारीक धार येताना दिसते.