लस दिल्यानंतरचा अर्धा तास

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईतल्या नागरी आरोग्य केंद्रांत नव्याने रुजू झालेल्या एएनएम व जीएनएम, म्हणजे परिचारिका भगिनींसाठी आजचा विषय आहे. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवायचे, हे आपल्या सर्वांना पाठ असते. त्याच अर्ध्या तासात बाळासोबत आलेल्या मोठ्या माणसांची तपासणी करता येते आणि ती आवर्जून करावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

उच्च रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक हा आजारांचा धोका मोजणारा फॉर्म भरतात, आणि ज्यांचे गुण चारपेक्षा जास्त येतात त्यांना आधी बोलावतात. पण दिघा, तुर्भे किंवा रबाळ्याच्या वस्त्यांमध्ये हातावर पोट असलेल्या बाईला एक दिवस खाडा करणे परवडत नाही. काही दुखत नसताना, केवळ रक्तदाब मोजून घेण्यासाठी ती केंद्राची पायरी चढत नाही, आणि त्यासाठी तिला बोल लावणे अन्यायाचे आहे. नातवाच्या लसीसाठी मात्र तीच आजी सकाळपासून रांगेत बसते. निरोगी माणूस आपल्या पायांनी आपल्याकडे येतो, असा दिवस आठवड्यातून एकदाच उजाडतो, आणि तो लसीकरणाचा असतो.

अर्थात लसीकरणच घाईगर्दीत झाले, तर ते कुटुंब अर्धा तास बसणार नाही आणि पुढच्या वेळी येणारही नाही. चौदाव्या आठवड्याचे सत्र डोळ्यांसमोर आणा. तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस दिल्यानंतर डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांवरची लस, उजव्या मांडीत न्यूमोकोकलची पीसीव्ही आणि उजव्या दंडावर त्वचेत एफआयपीव्ही ही पोलिओची सुईची लस, म्हणजे एकाच बैठकीत तीन सुया होतात. आईचा चेहरा उतरतो आणि ती म्हणते, “सिस्टर, एक आज द्या, बाकीच्या पुढच्या वेळी.” अशा वेळी तिला धीर द्यावा, या लसी एकाच दिवशी देणे सुरक्षित आहे आणि दोन वेगळ्या फेऱ्या म्हणजे बाळ तेवढे दिवस संरक्षणाविना राहणे, हे शांतपणे समजावून सांगावे. पेंटानंतर ताप येऊ शकतो, हे आधीच सांगितलेले बरे, कारण न सांगता आलेला ताप घरच्यांना लसीचा दोष वाटतो. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असलेल्या बाळाला परत पाठवू नये. मे महिन्यात गावी गेल्यामुळे एखादी मात्रा चुकली असेल, तर राहिलेल्या मात्रेपासून पुढे जावे. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड गावी राहिले असेल, तर यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर आईचा मोबाइल क्रमांक टाकून नोंद सापडते का, ते पाहावे.

कुपीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गोवर-रुबेलाची कुपी द्रावक मिसळल्यानंतर चार तासांत किंवा सत्र संपताच टाकून द्यावी लागते, म्हणून “आज एकच बाळ आहे, पुढच्या आठवड्यात या,” असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळा आणि एका बाळासाठीही कुपी उघडा. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि भिवंडीत गोवराची साथ आपण पाहिली आहे. गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात, त्यामुळे वाया गेलेल्या मात्रांपेक्षा परत न आलेले बाळ कितीतरी महाग पडते. पेंटा, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) किंवा पीसीव्हीच्या उघडलेल्या कुपीची गोष्ट वेगळी आहे. शीतसाखळी नीट पाळली असेल, उघडल्याची तारीख कुपीवर लिहिलेली असेल आणि व्हीव्हीएममधला, म्हणजे कुपीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेतला, चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल, तर ती अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते.

आता त्या अर्ध्या तासाकडे येऊ. गंभीर ॲलर्जीची लक्षणे बहुधा लगेच दिसतात, म्हणून बाळ आपल्या नजरेसमोर असलेच पाहिजे आणि ॲड्रिनॅलिनचे किट हाताशी हवे. त्यामुळे तपासणीचे टेबल त्याच खोलीत, प्रतीक्षेच्या बाकाजवळ मांडावे, आणि लस देणारी सिस्टर व तपासणी करणारी सिस्टर वेगवेगळ्या असाव्यात. तुम्ही एकट्याच असाल, तर फक्त रक्तदाब मोजा आणि बाकीच्या तपासण्यांसाठी वेळ ठरवून द्या.

रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाने पाच मिनिटे शांत बसणे आवश्यक असते, आणि एरवी ओपीडीच्या रेट्यात नेमकी हीच गोष्ट होत नाही. इथे आजी आधीच बसलेली असते. मात्र तिच्या मांडीवर बाळ रडत असेल, तर आकडा फसवा येतो; आधी बाळ आईकडे द्यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. पदर किंवा स्वेटरच्या बाहीवरून पट्टा गुंडाळू नये, आणि मोजताना बोलू नये, तिलाही बोलू देऊ नये. थोड्या अंतराने दोनदा मोजावे. १४०/९० किंवा त्याहून जास्त आले, तर “तुम्हाला बीपी आहे” असे तिथेच जाहीर न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजण्यासाठी बोलवावे. आकडा फारच जास्त असेल किंवा छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास असेल, तर तिला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

त्यानंतर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहावी आणि टॉर्चच्या उजेडात तोंड तपासावे. मशेरी लावता का, हे विचारताना आवाजात ठपका येऊ देऊ नका, नाहीतर उत्तर “नाही” असेच येईल. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांहून जास्त दिवस न भरलेली जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्यांकडे चिठ्ठी द्यावी.

गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी या बाकावर होऊ शकत नाही. त्यासाठी आडोसा, निवांतपणा आणि त्या बाईची संमती लागते. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रीची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची असते. गर्भाशयमुखावर ॲसिटिक ॲसिडचे पातळ द्रावण लावून एक मिनिट थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, एवढीच ती असते. डाग म्हणजे कर्करोग नव्हे, हे तिला तपासणीच्या आधी सांगावे. लसीच्या दिवशी आपण एवढेच करायचे की तिच्या पाळीची तारीख विचारून, पाळी नसेल असा आणि तिच्या सोयीचा दिवस ठरवायचा आणि तो कार्डावर लिहून द्यायचा.

ज्यांना पुढे पाठवले, त्यांची नावे मात्र बाळांच्या ड्यू लिस्टशेजारीच, म्हणजे लस द्यायच्या बाळांच्या यादीशेजारीच, लिहा. सहाव्या किंवा दहाव्या आठवड्याच्या लसीनंतर बाळाची पुढची तारीख साधारण महिन्याने येते आणि आजी पुन्हा त्याच बाकावर बसते. त्या वेळी तिला पहिला प्रश्न चिठ्ठी घेऊन रुग्णालयात जाऊन आलात का, हा विचारावा, आणि ती गेली नसेल तर का गेली नाही हे ऐकून घेऊन आशाताईंसोबत तिच्या जाण्याची सोय लावावी.