एक छत्री आणि अकरा मेनू

(भाषणाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय ‘डेटा-बाउंड मेनूंचं स्टायलिंग’, म्हणजे यादीतून आपोआप भरणाऱ्या मेनूंची सजावट, आणि तरी रविवारी सकाळी एवढी मंडळी आलीत म्हणजे एकतर तुम्ही सगळे डब्ल्यूपीएफवाले आहात नाहीतर मिसळीची बातमी फुटलीय. डब्ल्यूपीएफ, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅमांच्या खिडक्या-मेनू बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर आलं, तेव्हापासून दरवर्षी कुणीतरी ते मेलं म्हणून सांगतं आणि दरवर्षी मला त्याच्यातलंच काम मिळतं.

आधी माझं गाऱ्हाणं ऐका, मुद्दा नंतर सांगतो.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करत होतो. मेनू डेटाबेसमधून येणार, कारण क्लार्कला वेगळा दिसायला हवा आणि शाखाधिकाऱ्याला वेगळा. आयटम्ससोर्सला, म्हणजे मेनूच्या ओळी जिथून येतात तिथे, लिस्ट बांधली, मेनू झक्क उघडला. मग मला वाटलं, आयकॉन पण टाकू. आयटमकंटेनरस्टाइल, म्हणजे सगळ्या ओळींना लागणारी सजावट, लिहिली, तिच्यात आयकॉन ठरवणारा सेटर, सेटरमध्ये इमेज, इमेजच्या सोर्सला बाइंडिंग म्हणजे डेटाशी जोडणी, झालं! घाईत तसंच डेमोला घेऊन गेलो. मेनूत अकरा ओळी, त्यातल्या दहा कोऱ्या, आयकॉन फक्त शेवटच्या ओळीला, आणि शेवटची ओळ कुठली तर ‘बाहेर पडा’. शाखाधिकारी चष्मा वर करून म्हणतात, “अहो, जमा-नावे नाही, कर्ज नाही, पासबुक नाही, दार तेवढं ठळक दाखवलंय. आम्ही जावं असं आहे का?”

हसा, हसा. मी दोन दिवस हसलो नव्हतो. आधी पाथवर, म्हणजे चित्राच्या फाइलच्या पत्त्यावर संशय. प्रोग्रॅमच्या आतल्या फाइलचा पत्ता, पॅक यूआरआय, कुणी लिहिलाय इथे? ॲप्लिकेशन, कोलन, मग तीन स्वल्पविराम! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं कुणाची तरी की अडकलीय. ते खरं तर तीन स्लॅशच आहेत, पत्त्याच्या आत पत्ता बसवायचा म्हणून वेष बदलून आलेत. मग बिल्ड ॲक्शनवर, म्हणजे फाइल प्रोग्रॅममध्ये कशी भरायची त्या सेटिंगवर संशय, ‘रिसोर्स’ असायला हवं तिथे ‘एम्बेडेड रिसोर्स’ झालं की आयकॉन गुपचूप गायब. तेही बरोबर होतं. आउटपुट विंडोत बाइंडिंगची एकही एरर नाही. शेवटी वैतागून ओळींचा क्रम बदलला, ‘पासबुक छपाई’ सगळ्यात खाली नेली, तर आयकॉन तिच्याकडे!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. घरात एकच छत्री आणि माणसं अकरा. स्टाइलच्या सेटरमध्ये तुम्ही जी इमेज लिहिता ती एकदाच बनते, सगळ्या ओळींना तीच दिली जाते, आणि डब्ल्यूपीएफमध्ये एका व्हिज्युअलला, म्हणजे पडद्यावरच्या वस्तूला, पालक एकच. मग पहिला छत्री घेतो, दुसरा त्याच्याकडून काढून घेतो, असं करत ती शेवटच्याच्या हातात राहते, बाकीचे भिजतात. याला बग म्हणू नका, स्टाइलचा स्वभावच वाटून घेण्याचा आहे. टेम्प्लेट म्हणजे पेणच्या गणपतीचा साचा, साचा एक पण मागाल तेवढ्या मूर्ती, प्रत्येक ओळीला नवीन.

चिठ्ठी आली. सात मिनिटं म्हणे. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलं ते आता सात मिनिटांत.

तर पटापट. सोपा उपाय, इमेज रिसोर्समध्ये, म्हणजे सामायिक साठ्यात ठेवा, तिला एक्स-शेअर्ड फॉल्स, म्हणजे ‘वाटून घेऊ नका’ अशी खूण लावा, सेटरने तिच्याकडे बोट दाखवायचं, मग प्रत्येक वेळी नवी इमेज. झॅमल म्हणजे डब्ल्यूपीएफचा पडदा ज्यात लिहितात ती भाषा, आणि हे फक्त कंपाइल होणाऱ्या झॅमलमध्ये चालतं, रनटाइमला फाइल वाचून लोड केलीत तर बोंब.

मला आवडतो तो दुसरा उपाय. आयकॉन प्रॉपर्टीचा टाइप ऑब्जेक्ट आहे, काहीही द्या. नुसता पाथ स्ट्रिंग म्हणून दिलात तर मेनूत पाथच छापून येईल, तेही मी करून बसलोय. त्याऐवजी आपला एक छोटा क्लास द्या, त्यात फक्त आयकॉनचं नाव, आणि त्या टाइपसाठी डेटाटेम्प्लेट, म्हणजे तो कसा दिसावा त्याचा साचा, लिहा. डेटाबेसने ‘कर्ज’ एवढंच म्हणावं, ते चित्र सोळा पिक्सेलचं की बत्तीसचं, पीएनजी की व्हेक्टर, हे टेम्प्लेट बघेल. टेबलात पाथ साठवणाऱ्यांशी माझं भांडण आहे, पण ते मिसळीनंतर.

डेटाटेम्प्लेटच्या आत मेनूआयटम लिहू नका, ओळीचा कंटेनर, म्हणजे बाहेरचा डबा, आधीच मेनूआयटम असतो, मग मेनूत मेनू होतो आणि कडेला क्लिक केलं की काहीच होत नाही. नाव डेटातून येत असेल तर अंडरस्कोर डबल करा, नाहीतर ‘लेजर_मार्च’ चं ‘लेजरमार्च’ होतं, कारण तो शॉर्टकटची खूण समजून गिळला जातो. लिस्टमध्ये सेपरेटर, म्हणजे ओळींमधली रेघ, टाकलात तर मेनूआयटमची स्टाइल त्याला लागायला जाते आणि ॲप्लिकेशन आडवं होतं, तिथे कुणाला कुठली स्टाइल ते ठरवणारा स्टाइल सिलेक्टर लावा.

आणि सगळ्यांना आयकॉन द्यायलाच हवेत का? लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपने २००९ मध्ये मेनूतले आयकॉन डिफॉल्ट बंद केले, ॲपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ते ढिगाने आणले, भांडण चालूच आहे. आमच्या पतसंस्थेत अकराच्या अकरा लावून दिले, तर तेच शाखाधिकारी म्हणाले, “आता बाहेर पडायचं कुठून ते सापडत नाही हो.”

मग चारच ठेवले. ‘बाहेर पडा’चा काढला नाही, त्याची त्यांना सवय झाली होती.

हो हो, थांबतो. प्रोजेक्टर कुणाचा आहे तो घेऊन जा.