दुरुस्त केलेला बिघाड पुसू नका! | रिलायबिलिटी ग्रोथचं गणित

नमस्कार मंडळी! कॉमेंटमध्ये सारखा एकच प्रश्न येतोय: ‘चाचणीत बिघाड सापडला, डिझाइन सुधारलं, मग तो मोजायचा कशाला?’ मोजायचाच. आज तेवढंच बोलू.

एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, हे माहीत आहेच. चालवा, बिघडू द्या, सुधारा, पुन्हा चालवा. एमटीबीएफ वाढत जातो. हीच रिलायबिलिटी ग्रोथ, म्हणजे यंत्राच्या भरवशात होणारी वाढ. जनरल इलेक्ट्रिकच्या ड्युएनने १९६० च्या दशकात ही वाढ लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर लॉगची मोजपट्टी असलेल्या) सरळ रेषेत दाखवली. १९७४ मध्ये लॅरी क्रोने तिला संभाव्यतेचा पाया दिला.

समजा, पंपाचा कंट्रोलर १००० तास चालवला. बिघाड २०, ६०, १५०, ३८० आणि ७०० तासांवर. १००० ला प्रत्येक आकड्याने भागा, नॅचरल लॉग घ्या, बेरीज करा: ९.९५. क्रोच्या मॉडेलमधला बीटा हा आकडा सांगतो की बिघाडांचं प्रमाण वाढतंय की घटतंय. इथे तो पाच बिघाड म्हणून ५ भागिले ९.९५, साधारण ०.५०. एकपेक्षा कमी, म्हणजे सुधारणा लागू पडतायत. सरसकट सरासरी १००० भागिले ५, म्हणजे २०० तास. पण आजच्या डिझाइनचा एमटीबीएफ २०० भागिले बीटा, जवळपास ४०० तास. पाच बिघाडांवर हा अंदाज ढोबळच आहे, तो ब्रोशरवर छापू नका!

आता पहिले तीन ‘दुरुस्त झालेत’ म्हणून पुसा. बीटा येतो १.५१! यंत्र तेच, पण मॉडेल म्हणतंय बिघाड वाढतायत. सुरुवातीला दाट, नंतर विरळ, हीच तर सुधारणेची खूण होती. ती तुम्ही पुसलीत.

शिवाय दुरुस्ती पक्की कशावरून? सैल कनेक्टरला गोंद लावला, उष्णतेने गोंद सुटला, की तोच बिघाड पुन्हा.

तीच चूक अंतिम चाचणीतही होते. ९० टक्के रिलायबिलिटी (शंभरातले निदान नव्वद नग चाचणीभर बिघडणार नाहीत) ९० टक्के खात्रीने दाखवायला २२ नग लागतात, एकही बिघाड न होता. एक बिघडला, दुरुस्त केला आणि ‘२२ पैकी २२’ लिहिलं? नाही चालणार. एक बिघाड धरून ३८ नग लागतात, नाहीतर सुधारलेले २२ नग पुन्हा पहिल्यापासून.

आणि नोंदवहीत नुसती तारीख नको, तास-मीटरचं रीडिंग लिहा. चार नग एकदम चालत असतील तर बिघाडाच्या क्षणी चारही मीटरची बेरीज धरा. सुधारणाही चारही नगांत एकाच वेळी बसवा, नाहीतर दोन डिझाइनचे बिघाड एकाच बेरजेत मिसळतात.