आठ मैलांवरची तार

नमस्कार मंडळी! सुरुवातीलाच एक विचारते, तुमच्या घरी कधी तार आली होती का हो? आमच्याकडे तार आली की पाकीट फोडायच्या आधीच आजी भिंतीला टेकून मटकन खाली बसायची, कोण गेलं असेल एवढंच डोक्यात, आणि एकदा तर काकाला नोकरी लागल्याची तार होती तरी दहा मिनिटं घरात नुसती रडारड. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची तार बंदच झाली, त्यामुळे आत्ताच्या मुलांना हे सांगितलं तर ती आपल्याकडे बघतच बसतात.

तर आज मला ज्या सिरियलबद्दल बोलायचंय तिची सुरुवातच तारेवरून भांडणाने होते. नाव आहे 'लार्क राइज टू कँडलफर्ड'. बीबीसीची, जानेवारी २००८ ला सुरू झाली, फेब्रुवारी २०११ ला संपली, चार सीझन आणि सगळे मिळून ४० एपिसोड. काळ साधारण १८९० च्या आसपासचा, जागा इंग्लंडमधलं ऑक्सफर्डशायर. लार्क राइज ही शेतमजुरांची छोटीशी वाडी, गावसुद्धा म्हणता येणार नाही, आणि कँडलफर्ड हे जवळचं जरा मिजास असलेलं शहरवजा गाव, दुकानं वगैरे असलेलं. वाडीतली लॉरा टिमिन्स नावाची मुलगी कँडलफर्डच्या पोस्टात नोकरीला जाते, आणि मग पूर्ण सिरियलभर ती या दोन्हीच्या मधे लटकलेली असते. वाडीत गेली की लोक म्हणणार आता ही शहरातली झाली, आणि शहरात कपड्यांच्या दुकानातल्या त्या दोन प्रॅट बहिणी नाक वर करून बघणार की ही वाडीवरची. हे आपल्याला काही समजावून सांगायला नको.

आता ते भांडण. नियम असा की पोस्टापासून आठ मैलांच्या पलीकडे तार पोचवायची असेल तर घेणाऱ्याने वरचे पैसे द्यायचे. वाडीवाले म्हणतात आम्ही आठ मैलांच्या आतच आहोत, पोस्ट म्हणतं बाहेर आहात. आणि मग काय, अंतर मोजायची वेळ येते! मला पहिल्यांदा बघताना वाटलं की अरे एवढ्याशा गोष्टीवर काय पहिलाच एपिसोड, पण नंतर हिशोब करून बघितला. १८८५ पासून इंग्लंडमध्ये तार सहा पेन्सला झाली, बारा शब्द, आणि त्या बारात पत्ता पण धरलेला. म्हणजे नाव-पत्त्यातच निम्मे शब्द संपायचे. आणि तिथल्या शेतमजुराची मजुरी किती, तर आठवड्याला १० शिलिंग. एका शिलिंगात बारा पेन्स, म्हणजे सगळे मिळून १२० पेन्स, त्यात पाच-सहा पोरं, भाडं, बूट, सगळं. तर सहा पेन्स म्हणजे आठवड्याच्या कमाईचा विसावा हिस्सा फक्त तार पाठवायला, आणि वर जो घेतो त्यालाच परत दंड, का तर तो लांब राहतो म्हणून. आणि लांब कोण राहतो? जो गरीब आहे तो. मग कळलं की हा वाद मैलांचा नाहीच मुळी.

मला तर ही सिरियल म्हणजे पोस्टाच्या काउंटरची गोष्टच वाटते. बाकी पीरियड ड्रामामध्ये बदलणारा काळ दाखवायचा म्हणजे एक मोटारगाडी येते फटफट करत, मग सगळे नोकर बाहेर येऊन बघतात, झालं. इथे काळ काउंटरवरून येतो. वाडीतल्या मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की लांबच्या घरांत कामाला जायच्या, कारण घरात झोपायलाच जागा नाही, आणि त्यांची पत्रं आणि त्यातून चार पैसे याच काउंटरवरून यायचे. कोकणातल्या मंडळींना मुंबईहून येणारी मनीऑर्डर आठवत असेल, तसंच.

काउंटरच्या मागे उभी आहे डॉर्कस लेन, पोस्टमास्तरीण. जूलिया सवाल्हाने काय सुंदर काम केलंय! एकटी बाई, स्वतःचं पोस्ट, शेजारची लोहाराची भट्टी पण तिच्याच मालकीची, आणि गावातल्या प्रत्येक भानगडीत नाक. दर वेळेला काहीतरी चैन करायची आणि म्हणायचं ही माझी एकच वीकनेस आहे, आणि पुढच्या एपिसोडला वीकनेस दुसरीच. पोस्टमन थॉमस ब्राऊन इतका देवभोळा आणि नियमाचा पक्का की हसूही येतं आणि रागही येतो. लॉराचा बाप रॉबर्ट हा दगडकाम करणारा गवंडी, लिबरल विचारांचा, ताठ मानेचा, मालकापुढे टोपी काढणार नाही. ते काम केलंय ब्रेंडन कॉयलने, हो हो तोच, पुढे 'डाउनटन ॲबी' या लॉर्डच्या हवेलीवरच्या सिरियलमध्ये काठी घेऊन चालणारा मिस्टर बेट्स झाला तो. गंमत बघा, इथे ताठ मानेचा गवंडी आणि तिथे लॉर्डसाहेबांना कोट घालून देणारा नोकर! डाउनटन सगळ्यांनी बघितली, ही फार कमी जणांनी, मला त्याचं वाईट वाटतं, कारण तिथे गाव दिसतं ते हवेलीच्या खिडकीतून आणि इथे दिसतं ते झोपडीच्या दारातून.

पण आता तक्रार पण करते. सिरियल जरा जास्तच गोड आहे. ऊन कायम सोनेरी, ॲप्रन कायम पांढरेशुभ्र, शूटिंग विल्टशायरमध्ये एका इस्टेटीवर वाडीचा सेट उभारून केलंय आणि तो इतका देखणा आहे की वाटतं चला आपण पण राहायला जाऊ. डॉन फ्रेंचची कॅरोलाइन आर्लेस कर्जात बुडते, तुरुंगात जाते, तेवढ्यापुरती गरिबी जरा टोचते. नाहीतर बहुतेक भांडणं एपिसोड संपेपर्यंत मिटतात.

मूळ गोष्ट तशी नाहीये. फ्लोरा थॉम्पसन नावाच्या बाईंनी स्वतःच्या लहानपणावर तीन पुस्तकं लिहिली, १९३९, १९४१ आणि १९४३ मध्ये आली, त्यावरून बिल गॅलाघरने ही सिरियल लिहिली. फ्लोराबाई १८७६ च्या, गाव ज्युनिपर हिल, वडील खरोखरच दगडकाम करणारे, आणि त्या स्वतः चौदाव्या वर्षी फ्रिंगफर्डच्या पोस्टात कामाला लागल्या. त्यांच्या पुस्तकात प्लॉट असा नाहीच, डॉर्कसचा आणि जहागीरदार सर टिमथीचा तो अपुरा प्रेमाचा मामला तर सगळा टीव्हीवाल्यांचा. पुस्तकात आहे काय, तर डुक्कर! खरंच सांगते. प्रत्येक घरामागे एक डुक्कर, घरच्या माणसासारखं वाढवलेलं, रविवारी पुरुष मंडळी एकमेकांच्या खुराड्यापाशी टेकून उभी, त्याच्या पाठीला खाजवत त्याच्या तब्येतीवर गप्पा. आणि हिवाळ्यात तेच डुक्कर कापायचं, कारण वर्षभराचं बेकन त्यातूनच.

आणि क्वीनी म्हातारी. टीव्हीवर लिंडा बॅसेटने केलीय, तिच्यासाठी तरी बघाच. ही बाई तरुणपणी उशीवर बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या, टाकून हाताने लेस विणायची आणि बॅनबरीच्या जत्रेला नेऊन विकायची. मग नॉटिंगहॅमहून यंत्रावरची लेस आली, स्वस्त, आणि तिचा धंदा बसला. पैठणीच्या मागावर बसलेल्या माणसाला विचारा, त्याला हे एका वाक्यात कळेल. मग तिच्याकडे राहिल्या फक्त मधमाश्या. तिकडे जुनी रीत अशी की घरात कोणी गेलं तर मधमाश्यांना जाऊन सांगायचं, नाहीतर त्या रुसून मरतात. तर पुस्तकात क्वीनीचा नवरा गेल्यावर ती एकेका पोळ्याच्या पेटीवर टकटक करते आणि सांगते, मालक गेला, आता मालकिणीसाठी काम करा. मी ते बसमध्ये वाचत होते, माझा स्टॉप निघून गेला.

बदल म्हटलं की आपण म्हणतो जुनं ते चांगलं होतं. फ्लोराबाई असं म्हणत नाहीत. अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला, इंग्लंडमधल्या शेतीचे भाव पडले, मजूर शहराकडे निघाले, हे एका बाजूला. पण त्याच काळात १८८० पासून शाळा सक्तीची झाली, १८८४ च्या कायद्याने शेतमजुराला मत मिळालं. रॉबर्ट टिमिन्सची मान ताठ आहे ती काही उगाच नाही, पहिल्यांदाच त्याच्या हातात काहीतरी आलंय.

सिरियलमध्ये लॉराचा लहान भाऊ एडमंड आहे, इकडून तिकडे पळत असतो. टीव्हीची गोष्ट त्याच्या लहानपणाशीच थांबते. पुस्तकवाल्यांना मात्र माहीत असतं. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी चर्चमध्ये पितळी पाटी आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची. त्या टीचभर वाडीतले अकरा, आणि शेवटचं नाव एडमंड. फ्लोराबाईंचा खरा भाऊ एडविन १९१६ मध्ये असाच गेला. हे माहीत असताना ती सोनेरी उन्हातली धावाधाव बघायला सोपी जात नाही.

अजून एक सांगते आणि मग गाणं लावूया. हा प्रसंग पुस्तकात आहे, टीव्हीवर यायला काळच पुढचा हवा. १९०९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन सुरू झाली, सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. ती मिळायची कुठे? पोस्टात! आयुष्यभर शेतात राबलेली म्हातारी माणसं पहिल्यांदा पैसे घ्यायला आली तेव्हा रडलीच. पेन्शन आणली तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याने, पण यांना वाटलं एवढे पैसे देतोय म्हणजे नक्की कोणीतरी लॉर्डच असणार, म्हणून त्याला लॉर्ड जॉर्ज म्हणून आशीर्वाद. आणि पुढच्या वेळी येताना काउंटरपलीकडच्या मुलीसाठी बागेतली फुलं घेऊन आली, झाडाची सफरचंदं घेऊन आली. तिने फक्त पैसे मोजून हातात दिले होते.