हातात काय होते, की नजर कुठे होती?

(दृश्य : टेबलावर सुटे करून मांडलेले उपकरण, अगदी जवळून.)

आपल्यासमोर जे सुटे करून ठेवले आहे, ते जेमतेम पेनाएवढे एक यंत्र आहे: ई-सिगारेट, म्हणजेच वेप. गाडी चालवताना ते हातात असले तर काय होते, हे आपण पाहणार आहोत. डावीकडे लिथियम-आयन बॅटरी, तिच्या शेजारी हवेचा दाब ओळखणारा बारीक सेन्सर, मग तारेचे वेटोळे, त्याला चिकटून कापसाची वात आणि शेवटी द्रवाची कुपी. ओढणाऱ्याने तोंडाने हवा खेचली की सेन्सरला दाबातला फरक कळतो, बॅटरीतून वेटोळ्यात वीज जाते, वेटोळे दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि वातीत मुरलेला द्रव हवेत उडतो. हा द्रव मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण असतो. त्यात निकोटिन आणि स्वादासाठीची द्रव्ये मिसळलेली असतात. पडद्यावर जो पांढरा ढग दिसतो आहे, तो या द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा आहे. उघड्यावर तो वाऱ्यासरशी नाहीसा होतो. काचा बंद असलेल्या गाडीत त्याला जायला जागा नसते.

आज ज्याला ई-सिगारेट किंवा वेप म्हटले जाते, त्याचे श्रेय सहसा होन लिक या चिनी औषधनिर्मात्याला दिले जाते. त्याने 2003 साली आपली रचना तयार केली आणि पुढच्याच वर्षी ती चीनच्या बाजारात आली. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. त्याच्या पहिल्या रचनेत तापणारे वेटोळे नव्हते. ध्वनिलहरींच्या कंपनाने द्रवाचे तुषार उडवण्याची योजना होती. वेटोळे नंतर आले, बॅटऱ्या लहान झाल्या, आणि काही नव्या उपकरणांवर तर रंगीत पडदाही आला, ज्यावर बॅटरीची पातळी, उरलेला द्रव आणि किती कश घेतले तो आकडा दिसत राहतो. वाहन चालवणाऱ्याच्या हातात आणखी एक पडदा देण्याची गरज नेमकी कोणाला वाटली असावी, हे समजणे कठीण आहे.

(दृश्य : गाडीच्या आतून, चालकाच्या खांद्यामागून. हे चित्रण बंद आवारात, उभ्या गाडीत केलेले आहे.)

आता चालकाच्या डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. हात स्टिअरिंगवरून सुटतो आणि दोन आसनांमधल्या खाचेत जातो. उपकरण तिथे उभे नाही, आडवे पडले आहे, म्हणून नजर खाली वळते. बोटे ते उचलतात, अंगठा त्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे हे चाचपतो, कधी बटण दाबून ते चालू करावे लागते आणि ते चालू झाले की नाही हे पाहण्यासाठी छोट्या दिव्याकडे पुन्हा एकदा पाहिले जाते. त्यानंतर कश. मग हात परत खाली, आणि उपकरण खाचेत नीट बसले नाही तर आणखी एक दृष्टिक्षेप. हे सगळे इतके सराईतपणे होते की करणाऱ्याला आपण काही केले असे वाटतच नाही.

वाहतूक सुरक्षेचे अभ्यासक लक्ष विचलित होण्याचे तीन प्रकार मानतात. डोळे रस्त्यावरून हटणे हा पहिला, हात स्टिअरिंगवरून सुटणे हा दुसरा आणि मन चालवण्यातून निघून जाणे हा तिसरा. कश घेण्याच्या या एका कृतीत पहिले दोन्ही सरळ दिसतात, आणि तिसरा चित्रित करता येत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे सरकते. दोन सेकंद खाली पाहिले, तर 44 मीटर रस्ता न पाहता कापला जातो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेने 100 गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की दोन सेकंदांपेक्षा जास्त काळ नजर रस्त्यावरून हटली, तर अपघाताचा किंवा अपघात थोडक्यात टळण्याचा संभव किमान दुप्पट होतो. नोंदल्या गेलेल्या टकरींपैकी सुमारे 80 टक्के टकरींत, टक्कर होण्याआधीच्या तीन सेकंदांत, चालकाचे लक्ष कुठल्या ना कुठल्या कारणाने रस्त्यावर नव्हते.

यावर वेप वापरणाऱ्यांचे म्हणणे असे असते, की सिगारेटपेक्षा हे बरे आहे. काडी पेटवावी लागत नाही, राख पडत नाही आणि मांडीवर निखारा पडून गोंधळ उडत नाही. यात तथ्य आहे. परंतु सिगारेट काही मिनिटांत संपते आणि ती संपल्यावर हात मोकळा होतो. वेपला असा शेवट नाही. तो प्रत्येक सिग्नलला, वळण संपल्यावर, वाहतूक तुंबल्यावर पुन्हा पुन्हा उचलला जातो, आणि एका प्रवासात किती वेळा उचलला हे मोजायला थोटकेही उरत नाहीत.

(दृश्य : समोरची काच आतून. ढग काचेवर आदळतो आणि पसरतो. विरुद्ध बाजूने दिवे चालू केले जातात.)

हे दृश्य संथ गतीने दाखवले आहे. थेंबांचा लोट काचेवर आदळतो तेव्हा समोरचा रस्ता क्षणभर पुसट होतो, आणि बहुतेकांना धोका एवढाच वाटतो. त्याहून चिवट गोष्ट मागे राहते. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल ही दोन्ही द्रव्ये ओलावा धरून ठेवणारी आहेत, त्यामुळे काचेच्या आतल्या बाजूला त्यांचा पातळ, तेलकट भासणारा थर साचत जातो. दिवसा सावलीत तो जाणवत नाही. समोरून दिवे आले किंवा ऊन तिरपे पडले, की याच थरामुळे प्रकाश विखुरतो आणि काचभर पांढरट चमक पसरते. आता हे फडके पाहा: काच पुसल्यावर त्याच्यावर जो करडा डाग उमटला आहे, तो बाहेरच्या धुळीचा नाही, कारण काच आतून पुसली आहे.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ही बॅटरी ठेवणे हा वेगळा विषय आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2009 ते 2016 या काळातल्या, ई-सिगारेटला आग लागल्याच्या किंवा तिचा स्फोट झाल्याच्या 195 घटना नोंदवल्या होत्या.

(दृश्य : कायद्याच्या छापील प्रती, एकावर एक ठेवलेल्या.)

आता प्रश्न असा, की यातले काय बेकायदेशीर आहे. उत्तर शोधायचे तर मोबाइल फोनपासून सुरुवात करावी लागते, कारण लक्ष विचलित करण्याविषयीचे बहुतेक आधुनिक कायदे फोनमुळे जन्मले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2001 साली वाहन चालवताना फोन हातात धरून बोलण्यावर प्रथम बंदी घातली. ब्रिटनमध्ये तशी बंदी 1 डिसेंबर 2003 पासून लागू झाली, 2017 साली दंड 200 पाउंड आणि परवान्यावर सहा दंडगुण (चुकीची नोंद म्हणून लागणारे गुण) असा वाढवण्यात आला, आणि पुढे लोक ‘मी बोलत नव्हतो, फोटो काढत होतो’ असा बचाव करू लागल्यावर मार्च 2022 मध्ये ती पळवाटही बंद करण्यात आली. कायदा फोनच्या मागे असा पावलागणिक धावत राहिला. तेवढ्यात त्याच हातात दुसरी वस्तू आली.

ब्रिटनमध्ये वाहन चालवताना वेप ओढू नये असा स्वतंत्र कायदा नाही. मुले सोबत असताना खाजगी गाडीत धूम्रपान करण्यावर इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2015 पासून जी बंदी आली, तिच्यातूनही ई-सिगारेट वगळलेली होती. मात्र तिथल्या वाहतूक संहितेच्या नियम 148 मध्ये टाळण्याजोग्या विचलनांच्या यादीत धूम्रपानाचा उल्लेख आहे, आणि 1988 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार निष्काळजी वाहनचालन हा गुन्हा आहेच. हातात कश घेण्याचे उपकरण होते एवढ्यावर तो सिद्ध होत नाही. गाडी रेषेबाहेर गेली, ढगामुळे दिसेनासे झाले, सिग्नल बदलल्याचे कळले नाही, असे काहीतरी अधिकाऱ्याला दाखवावे लागते. तसे दिसले, तर जागच्या जागी 100 पाउंड आणि तीन दंडगुण, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर त्याहून बरेच जास्त.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2017 साली वेगळा मार्ग घेतला. तिथे फोनसाठी कडक नियम आहेच. शिवाय चालवण्याशी संबंध नसलेल्या आणि सुरक्षित चालवण्यात अडथळा आणणाऱ्या कोणत्याही कृतीसाठी 30 डॉलरचा वेगळा दंड ठेवला आहे. खाणे, केस विंचरणे, धूम्रपान, सारे त्यात बसते. अट एवढीच, की चालकाला दुसऱ्या एखाद्या चुकीसाठी अडवलेले असले पाहिजे. रक्कम किरकोळ आहे, पण विचार योग्य दिशेचा आहे, कारण इथे वस्तू कोणती होती हा प्रश्न मागे पडतो. हाच विचार रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात 2006 साली घातलेल्या दुरुस्तीतही आढळतो: चालकाने चालवण्याखेरीज इतर कृती सदैव कमीत कमी ठेवाव्यात, असे तिच्यातल्या आठव्या कलमात म्हटले आहे.

भारताची स्थिती आणखी वेगळी आहे. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. ओढणाऱ्यासाठी मात्र त्यात स्वतंत्र शिक्षा नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 ला जे स्पष्टीकरण जोडले गेले, त्यात हातात धरून वापरायच्या संपर्क साधनांचा उल्लेख आहे, वेपचा नाही. तरीही त्याच स्पष्टीकरणात, सक्षम आणि काळजी घेणाऱ्या चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्याहून फारच खालच्या दर्जाचे आणि उघडपणे धोकादायक असलेले वाहनचालन, असाही एक प्रकार नोंदलेला आहे. वस्तूचे नाव न घेता नजरेविषयी विचारणारे वाक्य पुस्तकात आहे. ते वापरायचे की नाही, हे रस्त्यावरच्या अधिकाऱ्यावर सोडलेले आहे.

(दृश्य : रस्त्यावरच्या कमानीवर बसवलेला कॅमेरा.)

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर 2019 पासून असे कॅमेरे काचेतून चालकाच्या हातांचे छायाचित्र टिपतात आणि संगणकीय प्रणाली त्यात फोन शोधते. जुलै 2024 पासून सीटबेल्टही तपासला जातो. ज्या छायाचित्रात प्रणालीला संशयास्पद काही आढळत नाही, ते पुढे तपासणीला जातच नाही. वेप धरलेल्या हातात फोन नसतो.

जगभरात रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसे मरण पावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा अहवाल सांगतो.

(दृश्य : पुन्हा गाडीच्या आतून. हात खाचेकडे जातो.)

ब्रिटिश कायद्याच्या चौकटीत ही एकच हालचाल तीन ठिकाणी बसू शकते. रस्ता मोकळा असेल, तर तिची नोंद कुठेच होणार नाही. गाडी शेजारच्या मार्गिकेत घुसताना कोणी पाहिली, तर 100 पाउंड. रस्त्यावर त्या क्षणी माणूस असेल, तो मरण पावला आणि न्यायालयाने ते वाहनचालन धोकादायक ठरवले, तर 28 जून 2022 पासून त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे.