अंगठ्याखालची बातमी

(दादर स्टेशनबाहेर, पहाट)

साडेचार वाजलेत. पेपरचे गठ्ठे सुटतायत, पुरवण्या आत सरकवल्या जातायत. कुठल्या चाळीत, कुठल्या मजल्यावर कोणता पेपर टाकायचा, हे विक्रेत्याला तोंडपाठ. याच मुंबईत ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं.

(सकाळची लोकल)

इथे पाय ठेवायला जागा नाही, अंगठा हलवायला मात्र आहे. त्या अंगठ्याखाली कुठली बातमी यावी, हे संपादक ठरवत नाही. तुम्ही कशावर थांबलात, काय शेअर केलंत, कुणाशी कमेंटमध्ये वाद घातलात, यावरून फीड, म्हणजे अ‍ॅपमध्ये समोर येणारी पोस्टची रांग, ते ठरवतं.

२०१५मध्ये फेसबुकने इन्स्टंट आर्टिकल्स आणलं. बातमी आमच्याच अ‍ॅपमध्ये उघडू द्या, झटकन उघडेल. बातम्यांचे अनेक प्रकाशक तिकडे गेले. मग जानेवारी २०१८मध्ये मार्क झुकेरबर्गने जाहीर केलं: फीडमध्ये आधी मित्र आणि घरची माणसं. झालं! मावसभावाच्या मुलाचं बारसं वर, महापालिकेचं बजेट खाली. २०२३मध्ये इन्स्टंट आर्टिकल्सही बंद. भाड्याच्या खोलीत पदरच्या पैशाने पोटमाळा बांधावा आणि मालकाने खोली रिकामी करायला सांगावी. मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको.

इन्स्टाग्रामची तऱ्हा निराळी. पोस्टखाली लिंक दिली तरी ती दाबून उघडत नाही. रील धावते, वेबसाइटवर फारसं कुणी येत नाही. म्हणून बातम्यांच्या डेस्कवर रीच, म्हणजे किती जणांना दिसलं, वेगळा मोजतात आणि ट्रॅफिक, म्हणजे किती जण वेबसाइटवर आले, वेगळं. जाहिरातीचे पैसे बरेचसे ट्रॅफिकवर.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. तिथे फीड नाही, माणसंच माणसांना पाठवतात. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्या अफवा फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली. २०२०मध्ये, पुन्हा पुन्हा पुढे गेलेल्या मेसेजसाठी ती एकावर आली.

(पावसाळा, हिंदमाता)

रिपोर्टर गुडघाभर पाण्यात उभा राहून लाइव्ह करतोय. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र त्याच्या आधी एक व्हिडिओ येऊन बसलाय, कुठल्यातरी जुन्या पावसाळ्यातला. तळमजल्यावरचे काका विचारतात, “आजचाच ना?”

उत्तर यायच्या आत त्यांनीच तो गावच्या ग्रुपवर टाकलेला असतो.